मिक्सर, पीठ आणि अडीच हजारांची लिंक

साताऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. चार वर्षं त्या सासूबाईंच्या हातच्या पाककृती ब्लॉगवर लिहितायत. महिन्याला अठरा-वीस हजार वाचनं, दिवाळीच्या तोंडावर त्याच्या दुप्पट. गेल्या महिन्याभरात त्यांना तीन मेल आले. एका मिक्सर कंपनीला लेख हवाय, मिक्सर फुकट आणि वर सहा हजार रुपये. ‘मधुमेहींसाठी खास’ पीठ विकणाऱ्या एका नव्या उद्योगालाही दिवाळीआधी लेख हवाय, मोबदल्यात पिठांचा एक खोका. आणि एका एजन्सीला स्वतःचा तयार लेख छापून हवाय, अडीच हजार रुपये, आत एक लिंक, ‘स्पॉन्सर्ड’ असं कुठेही लिहायचं नाही. ताई विचारतात, ‘मिस्टर म्हणतात, घरी आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये. मला वाटतं, वाचणाऱ्या म्हणतील हीपण विकली गेली. काय करू?’

ताई, मी २०१० पासून लिहितेय आणि या तिन्ही प्रकारचे मेल मला शेकड्यांनी आलेत. काही घेतले, बरेच नाकारले, दोन घेतल्याचा अजून पस्तावा आहे. तुमच्या तिन्ही मेलना एकच उत्तर देता येणार नाही, कारण तिघं तुमच्याकडून तीन वेगळ्या गोष्टी विकत मागतायत. मिक्सरवाल्यांना तुमचं काम हवंय. पीठवाल्यांना तुमचा शब्द हवाय. आणि एजन्सीला तुमचं लिखाण नको, तुमच्या वाचणाऱ्याही नकोत. तिला फक्त गूगलपाशी असलेली तुमची पत हवीय.

सोपं आधी उरकू. अडीच हजारांचा मेल आजच नाकारा.

तुमच्या ब्लॉगवरून दुसऱ्या साइटला लिंक गेली की गूगल तिला एक शिफारस समजतं. त्या शिफारशीच्या जोरावर ती साइट शोधात वर चढते. पैसे देऊन अशी शिफारस मिळवायला गूगलची मनाई आहे. लिंक पैशाची असेल तर तिच्या कोडमध्ये ‘नोफॉलो’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण घालावी लागते. पहिली खूण २००५ पासून आहे, दुसरी २०१९ मध्ये आली. ब्लॉगस्पॉटवर लिंक टाकताना नोफॉलोचा छोटा चौकोन दिसतो, त्यात टिचकी मारली की झालं. पण एजन्सीला नेमकी तीच टिचकी नको असते. मेल पुन्हा वाचा, ‘डू-फॉलो’ (म्हणजे बिनखुणेची लिंक) आणि ‘पर्मनंट’ हे दोन शब्द सापडतील. पकडले गेलात तर एजन्सीचं काही जात नाही. तुमची अनारशांची पोस्ट मात्र पहिल्या पानावरून सहाव्या पानावर जाते आणि दिवाळीत कुणाला दिसत नाही. यात गूगलने स्वतःच्या घरालाही सोडलं नव्हतं. २०१२ च्या जानेवारीत क्रोम ब्राउझरच्या जाहिरातीसाठी ब्लॉगरांना पैसे दिले गेल्याचं उघड झालं. त्यातल्या एका पोस्टमध्ये बिनखुणेची लिंक निघाली, तर गूगलने क्रोमचंच पान दोन महिन्यांसाठी शोधात खाली ढकललं. आपण साताऱ्यातल्या आणि पुण्यातल्या बायका, आपली काय कथा!

शिवाय लिंक कुठे जाते तेही बघा. मला आलेल्या अशा दहा मेलमधले सहा-सात फिरून फिरून ऑनलाइन रमी, बेटिंग नाहीतर झटपट कर्जाच्या अ‍ॅपवर पोचायचे. लेखाचा मथळा असायचा ‘हिवाळ्यातील पौष्टिक आहार’, आणि चौथ्या परिच्छेदात अचानक कॅसिनो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायदा केला. त्यात अशा खेळाची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. अडीच हजारांसाठी कशाला ती उठाठेव?

आता पीठ. इथे अडचण पैशांची नाही, ‘मधुमेहींसाठी खास’ या दोन शब्दांची आहे. हे दोन शब्द तुमच्या तोंडून वदवून घ्यायला तो खोका येतोय. पाकिटावर त्यांनी काय छापायचं ते त्यांचं ते बघतील. तुम्ही लिहिलंत की मात्र दावा तुमचाही होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाबरोबर शिफारस करणाऱ्यालाही जबाबदार धरलंय. पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, आणि वर्षभर कुठलीच शिफारस करायला बंदी येऊ शकते. पळवाट म्हणा की न्याय म्हणा, एक तरतूद आपल्या बाजूची आहे. दावा खरा आहे का याची तुम्ही नीट खातरजमा केली होती, हे दाखवता आलं तर दंड होत नाही. म्हणून कुठल्याही दाव्याचा पुरावा लेखी मागायचा आणि तो मेल जपून ठेवायचा. मी मागते तेव्हा निम्मी मंडळी तिथेच गप्प होतात.

आरोग्याच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. जाहिरात क्षेत्राची स्वनियमन संस्था आहे, अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, थोडक्यात आस्की. तिने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की आरोग्यविषयक सल्ला देत शिफारस करायची तर त्या विषयातलं शिक्षण हवं, आणि ते दाखवायलाही हवं. तुमचं-माझं शिक्षण स्वयंपाकघरातलं. भाकरी थापताना पीठ चिरतं का, उकड काढावी लागते का, तव्यावर पापुद्रा सुटतो का, हे आपण अधिकाराने सांगू शकतो. साखर किती वाढते हे नाही. माझे वडील वीस वर्षं इन्सुलिनवर होते, तेव्हा ‘खास’ पीठ म्हणून दोन भाकऱ्या जास्त खाणारा माणूस मी घरातच पाहिलाय.

पीठवाल्यांना कळवा की मी फक्त भाकरीबद्दल लिहीन, मधुमेहाचा उल्लेख करणार नाही, आणि पीठ फुकट मिळालं हे लेखात सांगेन. ते बहुतेक परत येणार नाहीत. आले, तर माणसं बरी आहेत असं समजायला हरकत नाही. तरीही खोक्यावर दोन दिवसांचं काम करायचं का, हा हिशेब उरतोच. नव्या उद्योगाकडे खरंच पैसे नसतात. ओळखीतल्या बचत गटाच्या पापडांबद्दल मी फुकटही लिहिलंय, पण ते मी आपणहून ठरवलेलं होतं.

मिक्सरचा मेल मात्र विचार करण्यासारखा आहे, आणि माझा पस्तावाही याच जातीचा असल्यामुळे इथे जरा रेंगाळते.

२०१५ मध्ये एका कंपनीने मला नॉनस्टिक आप्पेपात्र आणि चार हजार रुपये दिले. आठ दिवस वापरलं. छान होतं, आप्पे पटापट सुटत होते. मी लेख लिहिला आणि त्यात एक वाक्य टाकलं: ‘वर्षानुवर्षं साथ देईल.’ ते वाक्य कंपनीने सांगितलं नव्हतं, माझंच. लिहिताना हात सैल सुटला. सातव्या महिन्यात पात्राच्या मधल्या खळग्यांचा थर उडायला लागला. तोवर तो लेख शोधात पहिला आला होता आणि रोज शंभरेक जणी वाचत होत्या. एकीने लिहिलं, ‘तुमचं वाचून घेतलं, लेकीच्या रुखवतात मांडलं होतं.’ पुढे काही तक्रार नव्हती, तेवढंच. मी कंपनीला कळवलं की लेखाच्या वर टीप टाकते. ते म्हणाले, करारात ‘मजकुरात बदल करायचा नाही’ असं आहे. खरंच होतं. मी न वाचता सही केली होती. शेवटी चार हजार परत पाठवले आणि टीप टाकली. परत पाठवायला मला अकरा महिने लागले, हे मात्र मी कधी कुणाला सांगत नाही.

तेव्हापासून प्रायोजित लेख घेताना मी एकच गोष्ट आधी तपासते. वर्षाभराने या वस्तूबद्दल वाईट लिहायची वेळ आली, तर मला लिहिता येईल का? करारात आडकाठी असेल तर नाही. माणसं ओळखीची म्हणून भीड पडणार असेल तरीही नाही. पैसे तुम्हाला एकदाच मिळतात, आणि ते दोन महिन्यांत किराण्यात विरतात. लेख पाच-सात वर्षं लोक वाचत राहतात. तोवर कंपनी त्याच नावाखाली मोटर बदलते, स्टीलचा कपलर जाऊन प्लॅस्टिकचा येतो, साताऱ्यातलं सर्व्हिस सेंटर बंद होतं. आणि ‘आता जार कुठे मिळेल हो?’ हे विचारायला लोक तुमच्याकडेच येतात. म्हणून मिक्सरवाल्यांशी पहिली अट घाला, वापरताना काही निघालं तर लेखात भर घालण्याचा हक्क माझा. दुसरी, वाईट ते पण लिहीन. तिसरी, छापण्याआधी ते फक्त वॉट, किंमत, वॉरंटी असे तपशील तपासतील, मत बदलायला सांगणार नाहीत. या तीन अटींना ‘हो’ आलं तरच पुढचं बोलणं.

पुढचं म्हणजे पैसे. सहा हजार ऐकायला बरे वाटतात. मिक्सरचा लेख नीट लिहायचा तर काय करावं लागतं, ते मोजू. उडीद भिजवून इडलीचं पीठ, कांदा-खोबऱ्याचं ओलं वाटण, शेंगदाण्याचं कूट, पुरण, हिरवी चटणी. दोनदा दोनदा तरी करायला हवं, कारण मोटर तापते का हे पहिल्या दिवशी कळत नाही. त्यात फोटो, धुणं-पुसणं, लिहिणं, आणि त्यांचे चार फोन. मला अशा लेखाला तीसेक तास लागतात. म्हणजे तासाला दोनशे रुपये, आणि शेंगदाणे-खोबरं आपलंच. मिक्सरची किंमत यात धरू नका. सुताराला रंधा दिला म्हणून त्याची मजुरी दिली असं होत नाही. मी तुमच्या जागी असते तर बारा हजारांच्या खाली आले नसते. ‘नाही जमत’ म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरी मिक्सर कंपनी येतेच.

बारा हजारांत काय काय येतं तेही लिहून घ्या. एक लेख, सहा फोटो, दुरुस्तीची एक फेरी. फोटो त्यांना खोक्यावर, दुकानातल्या फलकावर किंवा ऑनलाइन विक्रीच्या पानावर वापरायचे असतील तर त्याचे वेगळे पैसे. करारात ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ अशी ओळ हळूच घुसवलेली असते, ती शोधा. दुसरी ओळ ‘वर्षभर अन्य मिक्सरचा उल्लेख वा चित्र नाही’ अशी. वरवर साधी वाटते. पण तुमच्या प्रत्येक चटणीच्या फोटोत मागे तुमचा जुना मिक्सर उभा आहे, त्याला वर्षभर पदराआड कसा ठेवणार?

निम्मे पैसे आधी घ्या, लाजू नका. उरलेले ‘साठ दिवसांत’ म्हणतील आणि ते साठ दिवस दिवाळीचे होळीपर्यंत जातील. सरकारची उद्यम नोंदणी फुकट आणि ऑनलाइन होते. ती केलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे देणं खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक आहे. लिखाणाची सेवाही त्यात बसते. बिलावर तो नोंदणी क्रमांक छापला की हिशेब विभागातली माणसं जरा सावरून बोलतात, हा माझा अनुभव.

कराचं फार घाबरू नका, पण डोळेझाकही नको. मिळालेले पैसे उत्पन्नात दाखवायचे. एका कंपनीकडून वर्षाला ५० हजारांवर व्यावसायिक फी गेली की ते दहा टक्के कापून तुमच्या पॅनवर जमा करतात (एप्रिल २०२५ आधी ही मर्यादा ३० हजार होती). फुकट वस्तूंनाही जुलै २०२२ पासून हाच नियम लागू झालाय. एकाच कंपनीकडून वर्षात २० हजारांहून जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या तर दहा टक्के. वापरून वस्तू परत केली तर ती लाभात धरत नाहीत. तुमच्या मिक्सरला हे लागणार नाही. उद्या कुणी ओव्हन आणि फ्रीज देऊ केला तर आठवण ठेवा. जीएसटीची नोंदणी सेवांना वर्षाच्या २० लाखांनंतर, तिथवर पोचलात की मला पेढे द्या.

आता तुमची खरी भीती, ‘हीपण विकली गेली’. पंधरा वर्षांत पैसे घेतले म्हणून माझ्यावर कुणी रागावलेलं मला आठवत नाही. वाचणाऱ्याही घर चालवतात, त्यांना मजुरी समजते. राग येतो तो लपवल्याचा. आपल्याकडे तर हे चांगलंच ठाऊक असायला हवं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत उमेदवारांची स्तुती बातमी म्हणून छापून आली होती. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलला त्यावर अहवाल काढावा लागला. बातमीचा वेश घेतलेली जाहिरात एकदा ओळखू आली की वाचणारा खऱ्या बातमीकडेही तशाच नजरेने बघतो. तुमच्या बाबतीत ती खरी बातमी म्हणजे सासूबाईंची भाजणी.

त्यामुळे उघड सांगायचं. आस्कीने जून २०२१ पासून तसा नियम केलाय, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये स्वतःची सोपी मार्गदर्शिका काढली. पैसेच नव्हे, तर फुकट वस्तू, सहल, हॉटेलचा मुक्काम, नातं, नोकरी, सगळं सांगायला हवं. लेखाच्या तळाशी, बारीक अक्षरात किंवा हॅशटॅगच्या गर्दीत चालणार नाही. लेख मराठी तर सूचनाही मराठीतच द्या. शब्द कोणता, यावर मी बराच खल केला. ‘प्रायोजित’ बरोबर आहे, पण माझ्या मावशीला तो दूरदर्शनवरच्या मालिकेचा वाटतो. ‘सहकार्याने’ हा शब्द तर खास न कळावं म्हणूनच शोधलाय. मी मथळ्याच्या खाली लिहिते: ‘ही जाहिरात आहे. या लेखासाठी अमुक कंपनीने मला पैसे आणि मिक्सर दिला. मतं माझी आहेत, लेख छापण्याआधी त्यांनी फक्त तांत्रिक तपशील पाहिले.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं. पूर्ण लेख वाचून त्यांनी काही बदलायला लावलं असेल तर तेही सांगायचं, आणि ते सांगायची लाज वाटत असेल तर तो बदल करायचाच नाही.

वाचणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीने दुखावतात, ती म्हणजे भाषा. मला एकदा एका नेहमीच्या वाचकाने लिहिलं, ‘आज तुम्ही नव्हता बोलत.’ उघडून बघते तर ‘नावीन्यपूर्ण तंत्रज्ञान’, ‘निरोगी जीवनशैलीचा सोबती’, असलं काय काय मीच कंपनीच्या कागदावरून उतरवलेलं. तुमच्या लेखात ‘मऊसूत’, ‘खमंग’, ‘रवाळ’ असे शब्द असतात. मिक्सरबद्दलही तसंच लिहा: उडीद लोण्यासारखे झाले, खोबरं मात्र कडेला चिकटून राहिलं, आवाजाने शेजारचं बाळ उठलं. कंपनीला यातलं शेवटचं आवडणार नाही. त्यासाठीच दुसरी अट आहे.

किती घ्यावेत? मी वर्षाला चारवर जात नाही, आणि दिवाळीच्या आधीचा महिना पूर्ण मोकळा ठेवते, कारण त्या दिवसांत लोक माझ्याकडे चकली का मोडते ते विचारायला येतात. तुमचा आकडा वेगळा असेल. पाककृतींचे वर्ग, फराळाची छोटी ई-पुस्तिका, दुकानांच्या कमिशन लिंका, असेही मार्ग आहेत (कमिशन लिंकही उघड सांगायची). वर्गांतून मला लेखांपेक्षा जास्त मिळतं, पण तो स्वतंत्र विषय.

मिस्टरांना सांगा, लक्ष्मीला नाही म्हणायचं नाहीये, फक्त दारात थोडं थांबवायचंय. मिक्सरवाल्यांना उद्याच लिहा: ‘तुमच्या मिक्सरवर लिहायला आवडेल. मी तो तीन आठवडे रोजच्या स्वयंपाकात वापरेन. लेखावर जाहिरात असं स्पष्ट लिहिलेलं असेल, लिंकला स्पॉन्सर्ड खूण असेल, उणिवाही असतील, आणि पुढे काही आढळलं तर मी लेखात भर घालीन. मानधन बारा हजार, निम्मं आगाऊ. फोटोंच्या वापराबद्दल वेगळं बोलू.’ दिवाळीआधीच हवा असा हट्ट धरला तर मात्र नाही म्हणा. भाजणी आणि अनारशांच्या धांदलीत तीन आठवडे मिक्सर तपासणार कोण? संक्रांतीची तारीख द्या, तोवर तिळाचं कूट कसं होतं तेही बघून होईल.